चौथा धोंडा

भुताच्या गोष्टी रात्रीच्याच असतात, असं लोकांना वाटतं.

ही भर दुपारची आहे.

आणि खरी आहे. ज्याला खोटी वाटेल त्यानं आटपाडीकडच्या आमच्या वस्तीवर यावं, जोतीरामच्या अंगणात उभं राहावं आणि तिथली पायवाट बघावी. मग बोलावं.

जोतीराम माझ्याच वयाचा, सत्तरीचा. आम्ही दोघांनी मेंढरं राखण्यात जन्म काढला. त्याच्यावर जे गुदरलं ते त्यानं स्वतः मला सांगितलं. जे त्याच्यानं बोलवलं नाही ते त्याचा लेक रविराज बोलला. मी पदरचं काही घातलेलं नाही.

गेल्या वर्षीचा फाल्गुन. मंगळवार. दुपारचे सव्वाबारा.

जागा, सांगलीतलं एक स्कॅन सेंटर. नाव सांगत नाही. त्यांचा काही दोष नाही.

त्याआधी सहा आठवडे जोतीराम खाटेवर उताणा पडून होता. माघात कोकरू उचलायला वाकला आणि पाठीत वाळली काटकी मोडावी तसा आवाज झाला. तिथंच बसला. बसला तो उठलाच नाही. ज्या माणसानं आटपाडीपासून नीरेपर्यंतची रानं पायानं तुडवली, त्याला कूस बदलायलाही मनुबाईचा, म्हणजे बायकोचा, हात लागायचा. उजवा पाय तर बधिरच झाला होता.

सांगलीच्या डॉक्टरांनी सांगितलं, मणका दबलाय. सुईनं सिमेंट भरलं तर आजोबा चालतील. पण एक शंका आहे. हाड म्हातारपणानं पोकळ झालंय, की आत काही वाढतंय? ते कळल्याशिवाय सुई घालता येणार नाही. एमआरआय काढा, आणि त्याच्यावर पोताची तपासणी करा.

रविराज कुपवाडला कारखान्यात मशीनवर असतो. त्यानं रजा टाकली आणि बापाला गाडीत आडवा घालून नेला.

सेंटरवर सृष्टी नावाची मुलगी मशीन चालवायची. तिशीची, बोलायला मोकळी.

"आजोबा, अंगावर लोखंड काही आहे का? ताईत, किल्ली?"

"लोखंड असतं तर मोडलो असतो व्हय, पोरी?"

ती हसली. टेबल गार लागतं म्हणून त्यानं आपलं घोंगडं मागितलं. लोकरीला मशीनचं वावडं नसतं म्हणून तिनं ते अंथरूही दिलं. तो सोमवार होता. त्या दिवशी काही घडलं नाही. मशीन खडखडलं, टेबल बाहेर आलं, संपलं.

घडलं ते नंतर.

पोत म्हणजे काय, हे रविराजनं तिला विचारलं होतं. ती म्हणाली, "स्कॅनमध्ये हाड करड्या ठिपक्यांचं दिसतं. आपल्या डोळ्याला सगळं सारखंच. कॉम्प्युटर त्या ठिपक्यांची वीण मोजतो. कुठं दाट, कुठं विरळ, कुठं उसवलेली. प्रत्येकाच्या हाडाची वीण वेगळी असते."

"मेंढराच्या लोकरीगत," जोतीराम स्ट्रेचरवरून म्हणाला. आणि त्याला ते खरोखरच कळलं होतं. अडीचशे मेंढरांतलं एखादं हरवलं तर तो आकडा मोजायचा नाही. नुसता कळपावरून डोळा फिरवायचा आणि कुठली लोकर दिसत नाही ते सांगायचा.

सृष्टीनं कॉम्प्युटर त्याच्याकडं वळवला. मणक्यांच्या चित्रावर रंग चढले होते.

जोतीरामनं बघितलं.

बराच वेळ बघितलं...

"ही माझी पाठ न्हाई," तो म्हणाला.

"मग कुणाची, आजोबा?"

"बिरदेवाची."

रविराज ओशाळला. "आबा, गप पडा की. मॅडम, झोप झाली न्हाई त्यास्नी."

पण सृष्टी हसली नाही. तिचा हात माऊसवर तसाच राहिला.

"बिरदेव कोण?" तिनं हळूच विचारलं.

बिरदेव जोतीरामचा धाकटा भाऊ. तीन वर्षांपूर्वी तो बाभळीवरून पडला तेव्हा त्याचा स्कॅन याच सेंटरमध्ये काढला होता. दुखणं निभावलं, फिल्म घरी राहिली. मनुबाईनं ती खिडकीच्या फुटक्या काचेला लावली. सहा आठवडे उताण्या पडलेल्या जोतीरामच्या डोळ्यांपुढं दिवसभर तीच होती. सकाळी तिच्यातून ऊन यायचं. त्या मणक्यांच्या ठिपक्या न् ठिपक्याची ओळख त्याला झाली होती.

आणि बिरदेव त्याआधीच्या चैत्रात वारला होता.

"मी तुम्हाला सांगणार नव्हते," सृष्टी म्हणाली. "कॉम्प्युटरनं ही तपासणी जमा करून घेतली नाही. म्हणतोय, हा पेशंट आधीच नोंदलेला आहे. आणि नाव दाखवतोय बिरदेव. फाइलींची सरमिसळ झाली असेल. उद्या परत काढू." तिनं चित्र मोठं केलं. "आणि तुमच्या घोंगड्याच्या कोपऱ्यात काही शिवलंय का?"

"का गं?"

तिनं बोट ठेवलं. चित्राच्या चार कोपऱ्यांत चार काळे डाग होते. गोल. मुठीएवढे.

जोतीरामनं डोळे मिटले.

डॉक्टरांनी फोनवर स्पष्ट सांगितलं, दुसऱ्याच्या हाडाच्या रिपोर्टवर मी या माणसाच्या पाठीत सुई घालणार नाही. म्हणजे स्वतःच्या हाडाचा रिपोर्ट आला तरच जोतीराम उठणार. नाहीतर खाट आणि ती खिडकी.

तर मंगळवार. सव्वाबारा.

या वेळी घोंगडं बाहेर ठेवलं. खाली नुसती पांढरी चादर. पोटावरून पट्टा. कानांवर हेडफोन, त्यात बारीक आवाजात भजन. उजव्या मुठीत रबरी फुगा.

"भीती वाटली तर हा दाबा, मी लगेच बाहेर काढते. नाहीतर अजिबात हलायचं नाही, आजोबा."

टेबल आत सरकलं. तोंडापासून वीतभर वर छत. दोन्ही बाजूंना खांदे घासतील एवढीच जागा.

मशीन सुरू झालं. टक टक टक... मग घरघर... मग कुणी पत्र्यावर दगड मारावेत तसा धडधडाट.

आणि मग ते थांबलं.

भजनही थांबलं.

झालं वाटतं, म्हणून जोतीराम टेबल बाहेर सरकायची वाट बघू लागला.

टेबल सरकलं नाही.

थोड्या वेळानं... डाव्या पायाशी चादर दबली. कुणीतरी जड काहीतरी ठेवावं तशी.

मग उजव्या पायाशी.

मग उजव्या खांद्यापाशी.

तिसऱ्याला त्याला कळलं. चौथा कुठं ठेवला जाणार, ते ठेवायच्या आधीच कळलं.

डाव्या खांद्यापाशी चादर दबली.

त्या खोलीत एसी इतका की रविराज बाहेर बसून हात चोळत होता. आणि आत जोतीरामच्या नडग्यांना ऊन लागत होतं. चैत्राचं. ते हळूहळू वर सरकत होतं... गुडघ्यावर... मांडीवर... जशी झाडाची सावली एका अंगानं काढून घ्यावी. कांद्याच्या वाळल्या पातीचा वास आला. लांब कुठंतरी रेल्वेनं शिट्टी दिली.

त्यानं फुगा दाबला.

कुणी आलं नाही.

परत दाबला. जीव खाऊन दाबला. तोंडाला कोरड पडून जीभ टाळ्याला चिकटली होती. हाक निघेना. डावा हात मोकळा होता. पट्टा सोडवावा म्हणून त्यानं तो बाजूला नेला... आणि चादरीच्या कडेपाशी बोटं थांबली.

हाताला कुणी धरलं नव्हतं. हातच पुढं जायला तयार नव्हता.

किती वेळ गेला, त्याला सांगता येत नाही. ऊन छातीवर आलं. गळ्यावर आलं. तोंडावर आलं.

मग डाव्या कानाशी, जिथं माणूस मावायला जागाच नाही तिथं, कुणीतरी बोललं. दमलेल्या, पण समजूतदार आवाजात. लहान भावानं सांगितलेलं काम नीट केल्यावर सांगावं तसं.

"आण्णा... मी हललो न्हाई."

सृष्टीनं टेबल बाहेर काढलं तेव्हा मशीनच्या घड्याळात पंचवीस मिनिटं झाली होती. मशीन मध्ये एकदाही थांबलं नव्हतं. फुग्याची घंटा एकदाही वाजली नव्हती. पण फुगा जोतीरामच्या मुठीत चपटा होऊन फाटला होता. ओठांना चिरा पडल्या होत्या. नडग्या आणि तोंड उन्हात दिवसभर पडल्यासारखं लाल झालं होतं.

ती पोरगी घाबरली. पाणी आणलं. त्यानं तांब्याभर पाणी एका दमात घशाखाली घातलं.

"आजोबा, एवढं स्थिर चित्र मी आजवर काढलं नाही," ती पुटपुटली. "श्वासाचीसुद्धा थरथर नाही."

वीण परत बिरदेवाचीच होती. चार डाग होतेच.

परतीच्या वाटेवर, गाडीच्या मागच्या बाकावर पडल्या पडल्या, जोतीरामनं लेकाला ते सांगितलं जे वर्षभर कुणाला सांगितलं नव्हतं.

आधी एक गोष्ट कळायला हवी. जोतीरामच्या घराण्यात एक रीत होती. रानात आजारी माणूस किंवा तान्हं मूल एकटं ठेवायची पाळी आली, तर घोंगड्यावर ठेवायचं आणि चार कोपऱ्यांवर चार धोंडे मांडायचे. मांडताना बिरोबाचं नाव घ्यायचं. मग आतल्याला बाहेरचं काही शिवत नाही. पण ज्यानं मांडले त्यानंच येऊन उचलायचे. तोवर आतल्यानं बाहेर बोटही काढायचं नाही.

त्याआधीच्या चैत्रात दोघं भाऊ लोणंदच्या बाजूला मेंढरं घेऊन होते. कांदा निघालेल्या एका रानात बिरदेवाची जुनी पाठ धरली. त्याला उभं राहता येईना. जोतीरामनं त्याला कडुलिंबाच्या सावलीत घोंगड्यावर निजवलं. चार धोंडे मांडले.

"हलू नगं. तासाभरात टेम्पो घिऊन येतो."

"जा, आण्णा. मी कुठं जातोय?" बिरदेव हसत म्हणाला.

तेवढ्यात मेंढरं रेल्वे रुळाकडं उधळली. जोतीराम त्यांच्यामागं धावला. ती वळवली. वळवली ती वाड्यापर्यंत, म्हणजे मुक्कामाच्या तळापर्यंत नेली. मग मोजली. एक कमी होतं, ते शोधलं.

चार तासांनी आला.

सावली कधीच सरकून गेली होती. बिरदेव भर उन्हात होता. पाण्याची कळशी घोंगड्यापासून दोन हातांवर, भरलेली.

"पाठ धरली हुती, हात न्हवं," जोतीराम लेकाला म्हणाला. "हात पोचत हुता रं. त्याची बोटं घोंगड्याच्या काठापतूर आलती. एक बोट काठाच्या भायेर न्हवतं. मी मांडल्यालं धोंडं त्यानं मोडलं न्हाईत."



"मग तुमी उचललं का, आबा? धोंडं?"

"लोक जमलं. मढं उचललं. त्या घाईत... न्हाई उचललं."

दोन दिवसांनी ते दोघं लोणंदला गेले. टेम्पोत फळी टाकून, तिच्यावर जोतीरामला बांधून. ते रान मिळालं. मालक भला माणूस. तिथं माणूस गेला म्हणून त्यानं लिंबाखाली नांगर घातला नव्हता. चहूकडं गवत वाळून पिवळं पडलं होतं. मधेच घोंगड्याच्या मापाचा एक तुकडा नुसत्या मातीचा. त्यावर काही उगवलंच नव्हतं.

कोपऱ्यांवर धोंडे होते.

तीन.

रविराजनं आणि मालकानं फळी खाली धरली. जोतीरामनं पडल्या पडल्या हात लांबवून पहिला धोंडा उचलला. खाली गवत होतं... हिरवंगार, नुकतंच दाबलेलं. वर्षभर धोंड्याखाली दबलेलं नव्हे. आत्ता, तासाभरापूर्वी धोंडा ठेवल्यासारखं.

दुसरा उचलला. तसंच.

तिसरा उचलला आणि त्याच्या उजव्या पायाचा अंगठा हलला. सहा आठवड्यांत पहिल्यांदा.

"चौथा बघ. डाव्या खांद्याकडला. बांधाला गेला असंल."

रविराज जागचा हलला नाही.

"आरं बघ की."

"आबा," रविराज म्हणाला, "चौथा आपल्या दारात हाय."

बिरदेवाला न्यायला रविराज आला होता तेव्हा मनुबाईनं त्याला सांगून धाडलं होतं, जिथं दीर गेला तिथला एक धोंडा आण, दारात त्याचं ठाणं करू. त्यानं उशाजवळचा उचलला. त्याला काय ठाऊक? घरी आणला. मनुबाईनं शेंदूर लावला, भंडारा उधळला. रविराजनं हौसेनं सिमेंटचा ओटा बांधला, पांढऱ्या फरशा लावल्या, धोंडा मधोमध पक्का बसवला. वर्षभर जोतीराम, रानातला साधा धोंडा समजून, त्याच्या पाया पडत होता.

सांगलीला तिसरा स्कॅन काढला. तीन डाग गेले होते. डाव्या वरच्या कोपऱ्यात एक राहिला होता. कॉम्प्युटरनं या वेळी तपासणी घेतली. वीण जोतीरामची. पोकळ, म्हातारी, पण साधी. आत काही वाढत नव्हतं. फक्त डाव्या अंगाला एका मणक्याचा कोपरा... सृष्टी म्हणाली, तो तेवढा अजून जुळत नाही. डॉक्टर म्हणाले, तेवढं चालतं.

ऑपरेशन झालं. पाचव्या दिवशी जोतीराम स्वतःच्या पायावर घरी आला.

आला तो सरळ ओट्यापाशी गेला. रविराजला म्हणाला, "छन्नी-हातोडा आण."

मनुबाई आडवी आली.

"आवं, याड लागलं का काय? त्यो आता देव झालाय. देवाला कोण उपटतं?"

"मी मांडलाय. मलाच उचलाय पायजे. अडकलाय त्यो, मने."

"वस्तीवरची माणसं नारळ फोडत्यात हितं. रंगूबाईच्या नातीचा पाय ह्येच्या अंगाऱ्यानं सुधारला. आन् तुमी हातोडा घालणार?"

तोवर शेजारची माणसं जमली होती. मीही होतो. कुणी वाट देत नव्हतं. जोतीरामनं छन्नी फरशीला लावली. हातोडा वर केला.

मग मनुबाई खालच्या आवाजात बोलली. ती वर्षभर गप्प होती, पण तिला सगळं कळलेलं होतं.

"एकदा उन्हात टाकून आलासा त्याला. आता घरात आलाय, तर परत भायेर काढताय व्हय?"

हातोडा हवेतच राहिला.

मग जोतीरामनं तो हळूच खाली ठेवला.

त्यानंतर त्यानं त्या धोंड्याला हात लावलेला नाही.

आता पुढचं मी माझ्या डोळ्यांनी बघितलंय.

जोतीराम चालतो. काठीही लागत नाही. पण ओट्याभोवतीच. दिवाळीत ओट्यापासून चाळीस पावलांवर त्याचे पाय थांबायचे. दावं संपल्यावर मेंढरू थांबतं तसे. ओढत नेलं तर डावा पाय लुळा पडतो. डॉक्टरांनी तपासलं, म्हणाले, पाठ ठणठणीत आहे, मनाचा खेळ आहे.

संक्रांतीला तीस पावलं झाली.

परवा मी गेलो तेव्हा बावीस.

फिरून फिरून अंगणात गोल वाट पडलीय. तिच्याबाहेर जुन्या वाटा, मोठ्या गोलाच्या. त्यांच्यावर आता गवत उगवतंय. आतल्या वाटेवर पावलं उमटलेली. एक जोड जोतीरामची, वहाणांची. आणि तिच्या डाव्या अंगाला लागून... दुसरी, अनवाणी. बिरदेव कधी वहाण घालत नव्हता.

मी मनुबाईकडं बघितलं. ती दुसरीकडं बघत होती.

निघताना मी म्हणालो, "जोत्या, बांधापतूर तरी ये गड्या."

"न्हाई रं," तो हसून म्हणाला. "तू हो म्होरं. पाणी तेवढं आत ठिवून जा."

मी तांब्या भरून वाटेच्या आत ठेवायला गेलो. तिथं आधीच दोन तांबे होते. मनुबाई रोज सकाळी दोन भरून ठेवते.

एक जोतीराम पितो. तिनं नजर ठेवून बघितलंय, दुसऱ्याला तो हात लावत नाही.

दुपारपर्यंत दोन्ही रिकामे होतात.